"पुन्हा चालव, होईल हिरवी" : अधूनमधून पडणाऱ्या टेस्टचं एक प्रकरण

हे प्रकरण एका टेस्टचं आहे असं आम्ही सात महिने समजत होतो. टेस्ट म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम; जमलं की हिरवी, पडली की लाल. दर वेळी पडणारी टेस्ट मात्र वेगळी असायची, आणि मूळ सापडायला इतका वेळ लागला त्याचं अर्धं कारण तेच. उरलेलं अर्धं कारण आम्ही माणसं. मी त्या टीमचा लीड होतो, आणि "पुन्हा चालव, होईल हिरवी" हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलं आहे. म्हणून हे लिहून ठेवणं माझ्याकडे येतं.

काय दिसत होतं

आमची टीम आठ जणांची. ग्राहक कंपन्या त्यांच्या नोंदींच्या फायली आमच्याकडे चढवतात, आम्ही त्या तपासून डेटाबेसमध्ये भरतो. जावा ही भाषा, स्प्रिंग हा तिचा तयार सांगाडा, पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे जगात हजारो ठिकाणी असते तशीच साधी मांडणी. हजारावर टेस्ट, सगळ्या चालायला १४ मिनिटं. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कुणी कोडमधला बदल पुढे ठेवला की, त्या चालतात आणि सगळ्या हिरव्या झाल्याशिवाय तो बदल मूळ कोडमध्ये मर्ज होत नाही. टेस्टचा क्रम दर वेळी बदलतो. हे आम्हीच मुद्दाम केलं होतं, एक टेस्ट दुसरीच्या उरल्यासुरल्या डेटावर अवलंबून राहू नये म्हणून. आणि पहिली टेस्ट पडली की बाकीच्या सोडून द्यायच्या, अशीही सोय ठेवली होती. तेवढीच मशीनची वेळ वाचते.

दहा-अकरा वेळांतून एकदा बिल्ड, म्हणजे सगळ्या टेस्टची अशी एक फेरी, लाल व्हायची. कधी पत्त्यांच्या तपासणीची टेस्ट, कधी अहवालाची, कधी लॉगिनची. तीच टेस्ट आपल्या लॅपटॉपवर एकटी चालवली की हिरवी. सगळ्या पुन्हा चालवल्या तरी हिरव्या. लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेने ठेवलेल्या नोंदीत, मथितार्थ इतकाच असायचा की डेटाबेसचं कनेक्शन मिळालं नाही, वेळ संपली.

हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला त्यातली चिडचिड वेगळी सांगायला नको. संध्याकाळचे सहा वाजलेत, तीन ओळींचा बदल आहे, रिव्ह्यू झालाय, फक्त हिरव्या खुणेची वाट बघायची आहे. तेराव्या मिनिटाला लाल. टेस्टचं नाव बघितलं तर आपल्या बदलाशी तिचा दूरान्वयानेही संबंध नाही. बटण दाबायचं, आणखी १४ मिनिटं. त्या १४ मिनिटांत दुसरं काम हाती घेता येत नाही, कारण डोकं तिकडेच असतं. दिवसाला पंचवीसेक बिल्ड व्हायच्या, म्हणजे रोज कुणा ना कुणाच्या वाट्याला हे दोनदा तरी यायचं. तक्रार कुणी केली नाही असं नाही. दर आठवड्याला कुणीतरी करायचं आणि बाकीचे मान हलवायचे.

हे आमच्याच नशिबी होतं असंही नाही. गूगलच्या टेस्टिंगमधल्या लोकांनी २०१६ मध्ये स्वतःचे आकडे मांडले होते. त्यांच्याकडच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमीजास्त प्रमाणात हा दोष होता आणि साधारण दीड टक्का वेळा टेस्टचा निकाल असा बेभरवशाचा यायचा. तो आकडा मी टीमच्या बैठकीत दाखवलाही होता, पण धीर द्यायला: बघा, त्यांच्याकडेही होतं. आता वाटतं, त्या आकड्याचा तो अगदी चुकीचा वापर होता.

जी कारणं आम्ही पटवून घेतली

पहिलं कारण, सीआयचं, म्हणजे या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचं, मशीन हळू आहे. हे कारण सगळ्यांना आवडलं, कारण त्यात कुणाचीच चूक नव्हती. मशीन दुसऱ्या टीमसोबत वाटून घेतलेलं होतं, ते हळू होतंही. कनेक्शन वेळेत मिळत नाही म्हणजे डेटाबेसला दम लागतोय, असा अर्थ आम्ही लावला. चौथ्या महिन्यात आमच्यातल्या एकाने टेस्टच्या सेटिंगमध्ये कनेक्शनसाठी थांबायची मर्यादा ३० सेकंदांची ६० केली. मी मंजुरी दिली. पुढचे चार दिवस योगायोगाने कमी बिल्ड पडल्या आणि "बरं झालं" म्हणून आम्ही तो विषय बंद केला.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग आपोआप पुन्हा चालवायची सोय केली: बिल्ड पडली तर यंत्रणेनेच आणखी दोनदा चालवावी. हा निर्णय माझा. त्याचं गणित तेव्हा मांडलं नाही, ते आता मांडतो. अकरातून एकदा पडणारी बिल्ड सलग तीनदा पडायची शक्यता १,३३१ मध्ये एक. दिवसाला पंचवीस बिल्ड धरल्या तर दोन-अडीच महिन्यांतून एकदा ती माणसाच्या नजरेला पडणार. म्हणजे दिवसातून दोनदा हाक मारणारी गोष्ट मी अडीच महिन्यांतून एकदा हाक मारण्यापर्यंत आणून ठेवली, आणि वर टीमचा वेळ वाचवला म्हणून समाधानही मानलं. सगळे खरंच खूश होते.

आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी होती, पहिलीच नोकरी. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "सर, ही टेस्ट का पडते?" मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. तिने मान हलवली आणि गेली. तिने पुन्हा विचारलं नाही, याचा अर्थ तिला पटलं असा मी घेतला.

तिचा तक्ता

ग्राहकांच्या वर्षाखेरीच्या कामामुळे तीन आठवडे काहीही डिप्लॉय करायचं नाही, म्हणजे चालू सेवेवर नवा कोड चढवायचा नाही, असं ठरलं होतं. फ्रीझ. एरवी आम्ही दर तीन-चार दिवसांनी डिप्लॉय करायचो. शेवटच्या डिप्लॉयनंतर तेराव्या दिवशी मध्यरात्रीनंतर सेवा अडकली. पडली नाही, अडकली: मशीनवर भार नाही, मेमरी भरपूर, पण एकही विनंती पुढे सरकत नाही. सेवेच्या दोन्ही इन्स्टन्स, म्हणजे चालत्या प्रती, तासाभराच्या अंतराने तशाच झाल्या. ऑनकॉल, म्हणजे त्या रात्री पाळीवर, असलेल्या सहकाऱ्याने रीस्टार्ट मारला, सुरू झालं, आणि त्याने नोंद लिहिली: "रीस्टार्ट केला. चालू आहे." रात्री अडीच वाजता मीही एवढंच लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नवीन मुलगी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. "सर, पाच मिनिटं आहेत का? एक दाखवायचं होतं."

तिने गेले चार महिने एक तक्ता ठेवला होता. यंत्रणेने आपोआप पुन्हा चालवलेल्या बिल्डचेही लॉग कुठेतरी साठत होते, तेही तिने शोधून काढले होते. रकाने साधेच: तारीख, कोडच्या शाखेचं नाव, पडलेली टेस्ट, आणि ती टेस्ट पडेपर्यंत लागलेला वेळ. एकशे बारा ओळी.

"नावं बघू नका," ती म्हणाली. "नावं सगळी वेगळी आहेत. वेळ बघा."

३०.०, ३०.१, ३०.०, ३०.०, ३०.१. मग एका तारखेनंतर ६०.०, ६०.०, ६०.१, ६०.०. ती तारीख म्हणजे आम्ही मर्यादा वाढवली तो दिवस.

मी तो रकाना बघत बसलो. मशीन हळू असतं तर आकडे विखुरलेले असते. मर्यादा ३० ची असताना पडलेल्या टेस्टना ६० दिल्यावर त्यातल्या काही ३४ ला, काही ४१ ला निघून गेल्या असत्या. एकही गेली नव्हती. दारात ३० सेकंद उभं केलं तर ३० सेकंद उभं राहायचं, ६० केलं तर ६०. म्हणजे आत कुणी हळू काम करत नव्हतं, आत देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हा फरक तिने बोलून दाखवला तेव्हा मला आधी आनंद झाला आणि लगेच मागोमाग वाईट वाटलं, कारण तो वेळेचा रकाना सीआयच्या पानावर टेस्टच्या नावाशेजारीच असतो. सात महिने आम्ही आठही जण नाव वाचून पान बंद करत होतो.

मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "तुम्ही पुन्हा चालव म्हणालात. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल, मलाच कळत नसेल."

बारा हिरव्या टेस्ट

पुढचा शोध दीड दिवसात लागला. आधी एका सहकाऱ्याने सुचवलं की गिट बायसेक्ट करू, म्हणजे जुन्या कमिटपासून (कमिट म्हणजे गिट या साधनात नोंदलेला कोडचा एकेक बदल) अर्धंअर्धं करत दोष कुठे शिरला ते बघू. हजारेक कमिट म्हणजे दहाच पायऱ्या, ऐकायला सोपं. पण बायसेक्टला प्रत्येक पायरीवर ठाम उत्तर लागतं, बरं की वाईट. अकरातून एकदाच पडणारी बिल्ड एकदा हिरवी झाली म्हणून ते कमिट बरं, असं म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्री हवी तर ती सलग ३२ वेळा हिरवी यायला हवी. ३२ गुणिले १४ मिनिटं, म्हणजे एका पायरीला साडेसात तास. अधूनमधून येणाऱ्या दोषावर बायसेक्ट लावून भलत्याच कमिटवर खापर फोडलेलं मी याआधी बघितलंय, तेव्हा हा हिशेब आधी करावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

त्याऐवजी तिने तीन गोष्टी केल्या. टेस्टचा यादृच्छिक क्रम ज्या सीडवरून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यावरून, ठरतो तो सीड एका पडलेल्या बिल्डच्या लॉगमधून उचलला आणि तोच क्रम पुन्हा चालवला. "पहिली पडली की थांबा" ही सोय बंद केली. आणि कनेक्शन पूलमधली गळती पकडायची सेटिंग चालू केली. पूल म्हणजे डेटाबेसच्या उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, घ्यायचं आणि परत द्यायचं; घेतलेलं परत आलं नाही की गळती. पूलसाठी आम्ही हिकारी ही लायब्ररी वापरतो. त्यात कनेक्शन ठरावीक वेळेपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर इशारा देण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, आणि आम्ही कधी चालू केलीच नव्हती.

एक नाही, ४३ टेस्ट पडल्या. पुन्हा चालवलं, पुन्हा त्याच ४३. सात महिने जे मनाला येईल तेव्हा घडत होतं ते आता हवं तेव्हा घडवता येत होतं. ज्याने असा दोष शोधलाय त्याला त्या क्षणाचं मोल कळेल. आणि वरच्या बाजूला गळतीचे इशारे, सगळे एकाच मेथडकडे, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्याकडे, बोट दाखवणारे.

ती मेथड फाईल आयात करण्याची. मोठ्या फायली पटकन भरायच्या म्हणून तिथे पोस्टग्रेसची कॉपी ही सोय वापरली होती आणि त्यासाठी स्प्रिंगला बाजूला ठेवून कनेक्शन हाताने घेतलं होतं. कनेक्शन घ्यायचं, ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे पक्के होणारे किंवा सगळे रद्द होणारे बदल) सुरू करायचं, "आयात सुरू झाली" अशी नोंद लिहायची, फाईल भरायची, कमिट करायचं (इथे अर्थ, डेटाबेसमध्ये पक्कं करायचं), कनेक्शन परत द्यायचं. अपवाद उडाला, म्हणजे मधेच एरर आली, तर तो पकडून रोलबॅक, म्हणजे सगळं रद्द, आणि कनेक्शन परत, तेही होतं. आठ महिन्यांपूर्वी एका ग्राहकाची तक्रार आली की फाईलची शीर्षकाची ओळ चुकली तर अगम्य एरर येते. घाईत एक दुरुस्ती झाली: शीर्षक चुकलं असेल तर समजेल असा संदेश देऊन तिथूनच परत फिरायचं. तीन ओळी. आणि त्या परत फिरण्यात कनेक्शन परत द्यायचं राहून गेलं.

रिव्ह्यू मी केला होता. तो पुन्हा उघडून पाहिला. नव्या, हिरव्या रंगातल्या तीन ओळी, वर तीन ओळी, खाली तीन ओळी, कारण गिटचा डिफ, म्हणजे काय बदललं ते दाखवणारं पान, मुळात तेवढाच संदर्भ दाखवतो. कनेक्शन बंद करायची ओळ चाळीस ओळी खाली होती. जे समोर होतं ते बरोबरच होतं. जावामध्ये २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून अशी रचना आहे की ब्लॉकमधून कसंही बाहेर पडलं तरी कनेक्शन आपोआप बंद होतं. आमचा तो कोड मात्र जुन्या धाटणीत लिहिलेला होता आणि "चालतंय तर हात लावू नको" या यादीत होता.

आता मौज बघा. त्या दुरुस्तीनंतर आमच्यातल्या एकाने मनापासून चांगलं काम केलं: बाराही प्रकारच्या फायलींसाठी चुकीच्या शीर्षकाची एकेक टेस्ट लिहिली. योग्य संदेश येतो का, एवढं त्या तपासतात, आणि संदेश योग्य येतो. म्हणून त्या बाराच्या बारा टेस्ट कायम हिरव्या. प्रत्येक टेस्ट एक कनेक्शन घेऊन जायची आणि परत द्यायची नाही. टेस्टच्या पूलमध्ये कनेक्शन दहा, हिकारीचा मूळ आकडाच. दहावं गेलं की त्यानंतर जी कुणी बिचारी टेस्ट कनेक्शन मागेल ती लाल. लाल होणारी प्रत्येक टेस्ट निर्दोष होती.

मग दर वेळी का पडत नव्हतं? स्प्रिंग टेस्टसाठी उभं केलेलं कॉन्टेक्स्ट, म्हणजे ॲप्लिकेशनची चालती मांडणी, जपून ठेवतं आणि पुढच्या टेस्टला तेच देतं, पूलही त्यातलाच. आमच्याकडे तीन टेस्ट-वर्ग असे होते की त्यांचं काम झालं की कॉन्टेक्स्ट फेकून द्यायचं आणि नवं घ्यायचं, म्हणजे पूलही नवा कोरा. हे तीन वर्ग गळक्या बारा टेस्टच्या अधेमधे पसरले तर प्रत्येक पूलची गळती दहापेक्षा कमी राहते आणि सगळं हिरवं. एखाद्या क्रमात दहा किंवा जास्त गळक्या टेस्ट कॉन्टेक्स्टच्या दोन बदलांच्या मधे आल्या की संपलं. हे होण्याची शक्यता तिने कागदावर काढली: ४५५ मांडण्यांत ४०. अकरातून एक. बिल्ड पडायच्या प्रमाणाशी ते जुळलं तेव्हा मी मनातल्या मनात शंका घेणं थांबवलं.

एक बारीक गोष्ट. टेस्टनंतर आम्ही टेबल रिकामी करत असतो, तर या उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे ते पहिल्याच दिवशी अडकलं असतं आणि दोष आठवड्यात सापडला असता. आम्ही वेग मिळावा म्हणून प्रत्येक टेस्टला स्वतःचा नवा ग्राहक तयार करून द्यायचो. तो निर्णयही चुकीचा नव्हता.

प्रॉडक्शनकडे बघितलं तेव्हा

टेस्टमधला दोष म्हणजे टेस्टचा दोष, असं गृहीत धरायची सवय आपल्याला असते. २०१४ मध्ये अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांमधल्या अशा २०१ दुरुस्त्यांचा अभ्यास झाला होता. त्यात वाट बघण्यातल्या चुका सगळ्यात जास्त, सुमारे ४५ टक्के, आणि क्रमावर अवलंबून असलेल्या टेस्ट १२ टक्के. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: जवळपास चतुर्थांश दुरुस्त्यांमध्ये ज्या कोडची टेस्ट होती तो कोडही बदलावा लागला. चारातली एक. जी लाल खूण आपण बटण दाबून पुसतो तिच्या मागे खरा दोष असण्याची शक्यता इतकी मोठी असते.

प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सेवेत, प्रत्येक इन्स्टन्सला ३० कनेक्शन, दोन्ही मिळून ६०. चुकीच्या शीर्षकाच्या फायली दिवसाला चार-पाच. तेरा दिवसांत साठ. आम्ही दर तीन-चार दिवसांनी डिप्लॉय करत होतो, आणि प्रत्येक डिप्लॉय म्हणजे रीस्टार्ट. आमच्या कामाचा वेगच आमचा दोष झाकत होता. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यामुळे तिकडूनही कुरकुर नाही.

डेटाबेसमध्ये सध्याच्या सेशनची, म्हणजे उघड्या कनेक्शनची, यादी काढली. रीस्टार्ट होऊन दीडच दिवस झाला होता आणि ११ सेशन ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसली होती. वर्षाखेरीमुळे फायली वाढल्या होत्या, चुकीच्याही.

मग दोन जुन्या गोष्टी उलगडल्या. सपोर्टकडे कधीपासून तक्रार होती की "फाईल चढवली, पण यादीत दिसतच नाही." जे ग्राहक स्क्रिप्टने फायली पाठवायचे त्यांना आमचा सुधारलेला संदेश दिसायचाच नाही. ते यादी बघायचे, आणि "आयात सुरू झाली" ही नोंद कधी कमिटच न झाल्यामुळे यादीत काही नसायचं. पुढच्या डिप्लॉयला ती रोलबॅक होऊन नाहीशी व्हायची. सपोर्टचे लोक "पुन्हा चढवा" सांगायचे. म्हणजे त्यांचंही उत्तर आमच्यासारखंच होतं. दुसरी गोष्ट, फ्रीझच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल मंदावले होते. लिहून झालेलं ट्रान्झॅक्शन दिवसेंदिवस उघडं राहिलं की पोस्टग्रेसचा व्हॅक्यूम, म्हणजे त्याची आपोआप होणारी साफसफाई, त्यानंतरच्या मेलेल्या ओळी काढू शकत नाही, टेबल फुगत जातं. आम्ही त्यासाठी एक इंडेक्स, म्हणजे शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवायची सूची, वाढवायची योजना करत होतो.

फ्रीझमध्ये काय करायचं

दुरुस्ती वीस मिनिटांत तयार झाली. पण फ्रीझ. मॅनेजरचं म्हणणं, ग्राहकांना शब्द दिलाय, आठ दिवस काही हलवायचं नाही. मला अपवाद हवा होता. तासभर बोलणं झालं, आवाजही थोडे चढले. शेवटी मी मागे सरलो, आणि आजही मला ते बरोबर वाटतं: आयातीचा कोड सगळ्यात नाजूक, वर्षाखेरीला त्यात चूक झाली तर गळतीपेक्षा वाईट.

कोड न बदलता काय करता येईल? पोस्टग्रेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून निष्क्रिय बसलेलं सेशन ठरावीक वेळेनंतर तोडायची सेटिंग आहे, आणि तीही मुळात बंद असते. ती १५ मिनिटांवर लावली. व्हॅक्यूम मोकळा झाला, अहवाल दोन दिवसांत ताळ्यावर आले. पण सेवा अडकायची ती अडकलीच असती. हे आमच्या एका अनुभवी सहकाऱ्याला आधी पटेना. डेटाबेसने त्याच्या बाजूने कनेक्शन तोडलं तरी पूलच्या हिशेबात ते अजून कुणाला तरी दिलेलंच आहे, कारण परत करायला कुणी आलंच नाही. जागा अडलेली ती अडलेलीच. म्हणून दर चौथ्या दिवशी पहाटे तीनला, एका मागून एक, ठरवून रीस्टार्ट. मी दोन्ही वेळा जागा राहिलो. काही झालं नाही. फ्रीझ उठल्यावर पहिला डिप्लॉय या दुरुस्तीचा होता.

नंतर

आपोआप पुन्हा चालवणं मी त्याच आठवड्यात बंद केलं. पहिला महिना फार जड गेला. या दोषाआड लपलेले आणखी सहा दोष वर आले, आणि लोक माझ्यावर वैतागले. काम अडतं हे खरंच होतं. मग मधला मार्ग काढला: अधूनमधून पडणारी टेस्ट बाजूला काढून ठेवता येते, पण तिच्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहायची. तारीख उलटली की ती परत मूळ यादीत, मग अडू दे मर्ज. हाताने पुन्हा चालवायलाही बंदी नाही, पण चालवण्याआधी एक ओळ लिहायची: कोणती टेस्ट, किती सेकंदांनी पडली, सीड काय. ही ओळ लिहायला मिनिटही लागत नाही. यातला सेकंदांचा आकडा मी हट्टाने ठेवला आहे. "पहिली पडली की थांबा" हे दिवसा चालू असतं, रात्रीच्या बिल्डला बंद. गळतीचा इशारा टेस्टमध्ये आणि प्रॉडक्शनमध्ये, दोन्हीकडे चालू. हाताने कनेक्शन घेणाऱ्या पाच जागा होत्या, त्या पाचही नव्या रचनेत बदलल्या. त्यातल्या आणखी एकीत गळती होतीच, फक्त त्या वाटेने अजून कुणी गेलं नव्हतं.

रिव्ह्यू करताना मी आता मधूनच परत फिरणारी ओळ दिसली की पूर्ण मेथड उघडतो. डिफवर भागवत नाही.

नव्या लोकांना माझं सांगणं एवढंच असतं. तुम्हाला वरिष्ठाने "पुन्हा चालव" म्हटलं तर चालवा, त्या क्षणी भांडून काही निघत नाही. पण नोंद ठेवा. तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला जाताना "हे का पडतं?" असं विचारलंत तर पुन्हा तेच उत्तर येईल, कारण ऐकणाऱ्याला तो प्रश्न जुना वाटतो. तिने मला एकशे बारा ओळी दाखवल्या, त्यावर "पुन्हा चालव" म्हणणं मला शक्यच नव्हतं. आणि लीड असाल तर, कुणी प्रश्न विचारायचं थांबलं की त्याचं कारण जाऊन विचारा. मी ते केलं असतं तर चार महिने आणि एक मध्यरात्र वाचली असती.

बाजूला काढलेल्या टेस्टच्या यादीत आज चार नावं आहेत. त्यातली एक फक्त महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडते, तीही संध्याकाळी साडेसहानंतर. त्या ओळीपुढे तिचंच नाव आहे. काल ती म्हणाली, "सर, बहुतेक टाइमझोन आहे, पण अजून दोनच महिन्यांचे आकडे आहेत. तिसरा येऊ दे." महिनाअखेर गुरुवारी आहे.